शिमगोत्सव, रत्नागिरी जिल्ह्यातील

शिमगा हा फाल्गुन महिन्यात होळीच्या निमित्ताने साजरा होणारा लोकोत्सव होय. देशावर तो होळी पौर्णिमा, धुळवड व रंगपंचमी एवढ्यात आटोपतो. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र फाल्गुन शुद्ध पंचमीस (फाकपंचमी) त्याचा प्रारंभ होतो आणि गुढीपाडव्यापर्यंत, काही गावांत त्याही पुढे, तो चालू राहतो. या काळात ग्रामदेवता पालखीत बसून देवळाबाहेर पडते आणि गावातील घरांना भेट देते. होळीचे दहन हे या उत्सवाचे एक अंग आहे. त्याचे केंद्र पालखी हे आहे. त्यामुळे होळीच्या प्रसिद्ध पौराणिक कथांवरून येथील शिमग्याचा अर्थ लावू गेल्यास तो अपुरा पडतो. गाव म्हणजे कोण, त्यात कोणाचे स्थान कोणते आणि देवाशी कोणाचे नाते कसे, हे दरवर्षी एकदा सर्वांसमक्ष ठरवून घेण्याचा हा प्रसंग आहे.

‘शिमगा’ हा शब्द संस्कृत ‘सुग्रीष्मक’ या शब्दापासून आला, अशी व्युत्पत्ती सांगतात. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र याच्या देशीनाममाला या कोशात फाल्गुनोत्सव या अर्थी ‘सुगिम्हअ’ हा शब्द आलेला आहे. गोव्यात याच उत्सवास ‘शिगमो’ म्हणतात. उन्हाळ्याच्या आरंभाचा उत्सव हा मूळ अर्थ आज कोणाच्या मनात राहिलेला नाही. उलट आरडाओरड, भांडण, उघड निंदा या अर्थी ‘शिमगा करणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला आणि ‘शिमगा गेला, कवित्व उरले’ ही म्हणही त्यातूनच निघाली.

होळीचा सण प्राचीन आहे. काठक गृह्यसूत्रात ‘होलाका’ या कर्माचा उल्लेख आढळतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील क्रीडांतही ती आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील शाबरभाष्यात (१·३·१५ इ.) या होलाकेवरूनच एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केलेला आहे. होलाका पूर्वेकडील लोक पाळतात. तेव्हा तिला असलेले प्रामाण्य तेवढ्या लोकांपुरतेच मानावे की सर्वांपुरते? विशिष्ट प्रदेशातील लोक एखादा आचार पाळतात म्हणून तो त्यांच्यापुरताच मर्यादित ठरत नाही, असा निर्णय मीमांसकांनी दिला. मीमांसेत हे प्रकरण ‘होलाकाधिकरण’ या नावाने प्रसिद्ध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात या सर्व उल्लेखांचा परामर्श घेतला आहे. प्रत्यक्षात मात्र शास्त्राने सर्वांसाठी म्हटलेला हा सण प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने वेगळा केला. आणि कोकणात तर प्रत्येक गावाने.

होळीच्या कथा अनेक आहेत. हिरण्यकशिपूची बहीण होलिका प्रल्हादास मांडीवर घेऊन अग्नीत बसली आणि स्वतःच जळाली, ही त्यांतील सर्वांत परिचित. दक्षिणेत शंकराने केलेल्या मदनदहनाशी हा सण जोडतात. भविष्योत्तर पुराणात रघुराजाच्या काळी मुलांना पीडा देणाऱ्या ढुंढा राक्षसीची कथा आहे : शंकराच्या वरामुळे ती अन्य उपायांनी मरत नव्हती, म्हणून लोकांनी फाल्गुनी पौर्णिमेस अग्नी पेटवून निःशंकपणे मनास येईल ते बोलत मोठा गलका केला व तिला घालविले. शालेय पुस्तकांतून प्रल्हादाची कथाच सांगितली जात असली, तरी शिमग्यातील बोंब आणि अपशब्द यांचा उलगडा ढुंढेच्या कथेनेच होतो. त्या ग्राम्यतेस शिष्टसमाजाने नेहमी नावे ठेवली; पण पुराणाने तिला रोगपीडा घालविण्याचा उपाय म्हणून जागा दिलेली आहे, हे विसरता येत नाही.

दहनाच्या काळाविषयीही शास्त्र आणि गाव यांत अंतर आहे. पौर्णिमेच्या प्रदोषकाळी, भद्रा नसताना होळी पेटवावी, असा निबंधकारांचा दंडक आहे. धर्मसिंधु (१७९०) या ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील गोळवलीचे. पण त्याच जिल्ह्यातील अनेक गावे पौर्णिमेची वाट न पाहता त्रयोदशीस होळी करतात. या गावांच्या उत्सवास ‘तेरसे शिमगे’ आणि भद्रा संपल्यावर पौर्णिमेस होळी करणाऱ्या गावांच्या उत्सवास ‘भद्रेचे शिमगे’ असे म्हणतात. आपला शिमगा तेरसा की भद्रेचा, हे पंचांग पाहून ठरत नाही. ते गावाच्या चालीने ठरलेले असते व ती चाल कोणी बदलत नाही.

उत्सवाचा काळ कोकणच्या शेतीशी जुळणारा आहे. भातकापणी, झोडणी, मळणी केव्हाच आटोपलेली असते. पावट्या-कुळथाचे पीकही घरात आलेले असते. पुढचे मोठे काम म्हणजे भाजावळ. रोपे तयार करावयाच्या जमिनीवर शेण, पालापाचोळा व कवळे पसरून ती भाजतात. या दोन कामांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत शिमगा येतो. या वेळी आंब्यावर कैऱ्या धरलेल्या असतात, काजूला बोंडे आलेली असतात आणि विहिरींचे पाणी उतरू लागलेले असते.

रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामदैवतांत भैरी, जोगेश्वरी, केदारलिंग, रवळनाथ, खेम, काळकाई, वाघजाई, सोमजाई, झोलाई, चंडिका, नवलाई, पावणाई ही नावे वारंवार आढळतात. यांतील बहुतेक दैवते पुराणांतील देवतांशी नंतर जोडली गेली. आर. ई. एंथोव्हेन यांनी १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींवरील जी टिपणे प्रसिद्ध केली (ती मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेली होती), त्यांतील पुष्कळशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठविलेल्या उत्तरांवरून घेतलेली आहे, तीवरून या दैवतांचा कारभार शंभर वर्षांपूर्वीही असाच स्थानिक होता, हे दिसते. देवळातील मूर्ती पाषाणाची, अचल. तिच्यासाठी चांदीचे वा अन्य धातूचे मुखवटे केलेले असतात. त्यांना ‘रूपे’ म्हणतात. एरव्ही ती पेटीत, मानकऱ्यांच्या ताब्यात असतात. शिमग्यात ती बाहेर काढून उजळतात, पालखीत मांडतात, वस्त्रे व दागिने चढवितात. यास ‘रूपे लागणे’ म्हणतात. रूपे लागली की देव उठला, असे समजले जाते. उत्सव संपल्यावर ती उतरवून पुन्हा पेटीत ठेवतात. वर्षभर भक्त देवाकडे जातो आणि या थोड्या दिवसांत देव भक्ताकडे येतो, ही शिमग्यातील मध्यवर्ती कल्पना आहे.

होळीसाठी आंबा, पोफळ, सुरमाड, शेवरी यांसारखे एक उंच, सरळ झाड निवडतात. कोणते झाड, कोणाच्या आवारातले, पहिला घाव कोणी घालावयाचा, हे सर्व ठरलेले असते. तोडलेले झाड खांद्यावर घेऊन, नाचवीत, फाका घालीत सारा गाव ते होळीच्या माळावर आणतो व खड्ड्यात उभे करतो. उभ्या झाडाभोवती गवत व लाकडे रचून होम करतात. ज्या घरी त्या वर्षी लग्न झाले असेल, तेथील नवे जोडपे होळीत नारळ अर्पण करते. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. पेटत्या होळीतून भाजके नारळ ओढून काढण्याची तरुणांची चढाओढ ठिकठिकाणी दिसते. झाडाची तोड दरवर्षी कशाला, असा प्रश्न अलीकडे विचारला जातो व तो गैरवाजवी नाही. पण जेथे आंब्याऐवजी लवकर वाढणारी शेवरी वापरली जाते, तेथे गावाने त्याचे उत्तर आधीच शोधलेले आहे.

पालखी देवळातून निघून प्रथम ‘सहाणे’वर बसते. सहाण म्हणजे गावातील पालखीचा ठरलेला चौथरा किंवा मोकळी जागा. तेथून पुढे ढोल-ताशांच्या गजरात, निशाण व अब्दागिरी यांसह ती वाडीवाडीत फिरते. पालखी घरी येणार त्या दिवशी अंगण सारवून रांगोळी घालतात, दारात तिच्या वाटेवर पाणी टाकतात. ती अंगणात किंवा ओटीवर पाटावर ठेवली जाते. घरातील स्त्रिया नारळ, तांदूळ व खण यांनी देवीची ओटी भरतात. मग मानकरी किंवा गुरव त्या घरातील माणसांची नावे घेऊन ‘गाऱ्हाणे’ घालतो. त्यात कोणाचे आजारपण, कोणाची नोकरी, कोणाचा जमिनीचा तंटा, लांबलेले लग्न, जे असेल ते देवाच्या कानावर घातले जाते व मागील वर्षीचा नवस फेडला जातो. हे गाऱ्हाणे मोठ्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर घालावयाचे असते. देवळात मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेहून त्याचा परिणाम वेगळा असतो : घराची अडचण ही त्या क्षणी गावाची अडचण होते. काही गावांत पालखीस प्रश्न विचारून तिच्या हालचालीवरून उत्तर घेतात. जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढण्याच्या प्रथेस ‘शेरणे काढणे’ म्हणतात. देवाचे अस्तित्व पालखीत उतरले आहे, याचा तो दाखला समजतात.

पालखी नाचविणे हा उत्सवातील सर्वांत प्रेक्षणीय भाग. भोये खांद्यावर पालखी घेऊन ढोलाच्या लयीत ती झुलवितात, उंच उचलतात, कधी गुडघे टेकून खाली आणतात. अलीकडे याच्या स्पर्धा भरू लागल्या असून त्यांस बक्षिसेही असतात. नृत्याचे कौशल्य त्यामुळे वाढले असेल. परंतु कोणाच्याही दारी न जाणारी, व्यासपीठापुढे नाचून परतणारी पालखी ही वेगळीच गोष्ट आहे, हे नोंदवावयास हवे. पूर्वी पालखीला खांदा देणे हा पुरुषांचाच अधिकार होता. आता काही ठिकाणी स्त्रियाही पालखी घेतात.

रत्नागिरी शहराचे ग्रामदैवत श्री देव भैरी हे बारा वाड्यांचे दैवत मानले जाते. होळीच्या सुमारास मध्यरात्री त्याची पालखी देवळाबाहेर पडते, तेव्हा हजारोंचा समुदाय लोटतो. झाडगाव येथील सहाणेवर होळी उभी राहते व पालखी तेथे विराजमान होते. रंगपंचमीच्या दिवशी ती परतीच्या वाटेस लागते. या पालखीस पोलिसांकडून सलामी दिली जाते. आसपासच्या गावांच्या पालख्या भैरीच्या भेटीस येतात. अशा भेटी जिल्ह्यात अन्यत्रही होतात. दोन गावांच्या देवता बहिणी किंवा भाऊ-बहीण मानलेल्या असतात आणि त्यांच्या पालख्या शिवेवर किंवा ठरलेल्या जागी एकमेकींना भेटतात. गावांमधील जुने सोयरसंबंध, कधीकाळची एकत्र वहिवाट, पाण्याची वाटणी यांच्या खुणा या भेटींत शिल्लक असाव्यात.

याच दिवसांत ‘खेळे’ निघतात. नमन-खेळ्यांचे पथक मृदंग व टाळ-झांजांच्या साथीने देवाला वंदन करून अंगणात खेळते. गण, गौळण, सोंगे व वग असा त्याचा क्रम असून मोठ्या मुखवट्याचा रावण हे त्याचे एक आकर्षण असते. गुहागर-चिपळूणकडील ‘संकासूर’ हे पात्र विशेष प्रसिद्ध आहे. काळा वेष, उंच टोकदार टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरांचा किंवा घंटांचा पट्टा असे त्याचे रूप असते. त्याच्याबरोबर स्त्रीवेषातील पुरुष, म्हणजे ‘गोमू’, नाचतो. मुले संकासुराला भितात आणि त्याच्यामागून पळतातही. वस्तुतः तो असुर. पण देवाच्या सेवकांत सामील होऊन घरोघर फिरतो. प्रल्हादकथेतील सुष्टदुष्टांची काटेकोर विभागणी गावाच्या शिमग्यात टिकत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

उत्सवातील प्रत्येक कृतीस ‘मान’ जोडलेला असतो : होळीला पहिला घाव, पालखीला पहिला खांदा, निशाण, पहिली ओटी, पहिले घर, पहिला नारळ. गावकर, खोत, गुरव, घाडी, बलुतेदार अशा सर्वांचे मान ठरलेले असत. खोती गावांत पहिला मान बहुधा खोताकडे असे आणि त्यामागे जमिनीवरील त्याची सत्ता उभी असे. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने गेली. कनिष्ठ ग्रामवतनेही १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. वतन गेले, शेतसारा वसूल करण्याचा अधिकार गेला. मान मात्र राहिला. ज्या आधारावर तो उभा होता तो नाहीसा झाल्याने त्याच्याविषयीचे तंटे कमी न होता वाढले.

या तंट्यांना न्यायालयात मर्यादित जागा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) नवव्या कलमान्वये धार्मिक पदावरील हक्काचा दावा चालू शकतो. पण केवळ मानाचा नाही. तमिळनाडूतील एका वैष्णव देवस्थानासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे स्पष्ट केले : मान एखाद्या पदाचा मोबदला म्हणून त्याला जोडलेला असेल, तरच त्यासाठी दाद मागता येते. शिमग्यातील पुष्कळ मान या कसोटीस उतरत नाहीत. म्हणून वाद चिघळला, की प्रश्न शांतता राखण्याचा होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या व १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली बंदीहुकूम निघतात व क्वचित देवाची रूपे पेटीतच राहतात. बाहेरच्या माणसास पहिल्या नारळावरून एवढे वैर हास्यास्पद वाटते. परंतु जेथे गावातील स्थान वर्षातून एकदाच आणि सर्वांच्या देखत जाहीर होते, तेथे तो नारळ ही क्षुल्लक वस्तू राहत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न, पालखी कोणाच्या दारी जात नाही, हा आहे. होळीचे लाकूड आणणे, वाद्ये वाजविणे इ. कामे ज्यांच्याकडे होती, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वस्तीत पालखी न नेण्याची किंवा शिवेवरूनच परत फिरविण्याची चाल अनेक गावांत होती. रत्नागिरीत २२ फेब्रुवारी १९३१ रोजी भागोजी कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. मात्र नवे देऊळ उघडणे आणि जुन्या ग्रामदेवतेने दारात येणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. दुसरीसाठी प्रत्येक गावात स्वतंत्रपणे झगडावे लागले. १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातील बौद्ध समाजाने गावकीची ही कामे व त्यांबरोबरचे मानही सोडून दिले. देवाच्या पालखीची वाट न पाहणे, हा त्यांनी दिलेला निर्णय होता.

उत्सवाचा खर्च घरटी ‘पट्टी’ काढून भागवितात. पट्टी देणारे घर ते गावातले घर, असा हिशेब असल्याने पट्टी नाकारणाऱ्यास किंवा गावकीचा शब्द मोडणाऱ्यास वाळीत टाकून त्याच्याकडे पालखी न नेण्याचे प्रकार घडत आले. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतून अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. महाराष्ट्र शासनाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला व तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. धार्मिक वा सामाजिक रूढीत भाग घेण्यास मज्जाव करणे हेही त्यानुसार बहिष्कारात मोडते. गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याने पालखी एखाद्याच्या अंगणात आणता येईल; तेथे त्याच्या नावाने मनापासून गाऱ्हाणे घालणे गावाच्याच हाती आहे.

उत्सवाची सांगता गावोगावी वेगळी असते. संगमेश्वर भागात ‘शिंपणे’ होते : लाल रंगाचे पाणी एकमेकांवर उडवून, देवीस मान देऊन, मांसाहारी जेवणाने शिमगा संपवितात. सिंधुदुर्ग (१ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग) व गोवा यांतील शिमगा रोंबाट, चित्ररथ व सोंगे यांमुळे मिरवणुकीकडे अधिक झुकलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिल्ह्यातील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत कामास जाऊ लागले. गणपती आणि शिमगा हे त्यांचे गावी परतण्याचे दोन प्रसंग ठरले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी हा ओघ थांबला नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्णपणे सुरू झाल्यावर तर शिमग्यासाठी जादा गाड्या सोडल्या जाऊ लागल्या. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे शासनाने निर्बंध घातले, तेव्हा अनेक चाकरमान्यांस येता आले नाही. आज कित्येक वाड्यांत वर्षभर राहणारी माणसे इतकी थोडी आहेत, की पालखीला खांदा देण्यास मुंबईकरांची वाट पाहावी लागते. म्हणून कोणत्या वाडीत पालखी केव्हा जाणार, याचे वेळापत्रक आधी छापून मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवलीपर्यंत पोहोचविले जाते आणि एरव्ही बंद असलेल्या घरांची कुलुपे त्या दिवसापुरती उघडतात.